पहिल्या इनिंगमध्ये धाव निघेल का? बेसबॉलमधील अंदाज बांधण्याचा क्रम

मेजर लीग बेसबॉलचे सामने पाहणारे आपल्याकडील बहुतेक लोक क्रिकेटमुळे आकडे वाचायला सरावलेले असतात, आणि तरीही पहिल्या इनिंगमध्ये धाव निघेल की नाही या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर त्यांचा अंदाज वारंवार फसतो. आकडे कमी पडतात असे नाही. ते चुकीच्या क्रमाने घेतले जातात. बहुतेक जण गेल्या पाच-सहा सामन्यांत काय घडले येथून सुरुवात करतात, मग एखाद्या नामांकित फलंदाजाकडे पाहतात, आणि लीगची सरासरी काय आहे हा प्रश्न आठवलाच तर शेवटी आठवतो. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

प्रश्न आधी नेमका करून घ्यावा. इनिंगचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाहुणा संघ तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी करतो आणि दुसऱ्या भागात यजमान संघ. या दोन अर्ध्या इनिंगपैकी कोणत्याही एकीत एक जरी धाव निघाली तरी उत्तर ‘हो’, आणि दोन्ही कोऱ्या गेल्या तरच ‘नाही’. किती धावा निघाल्या याला येथे काही महत्त्व नाही. एक धाव आणि सहा धावा या प्रश्नापुरत्या सारख्याच आहेत, आणि पुढच्या निम्म्या चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

हा सगळा प्रकार टक्केवारीचा सराव म्हणून करावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी या प्रश्नात खात्री अशी जवळपास नसतेच, हे शेवटच्या हिशेबात दिसेल.

पूर्वतयारी: तारीख, पिचर आणि फलंदाजीचा क्रम

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सामन्यासाठी दोन ओळी ठेवाव्यात, एक पाहुण्यांच्या फलंदाजीची आणि एक यजमानांच्या. प्रत्येक ओळीत समोरचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू), पहिले चार फलंदाज, मैदान, हवामान आणि शेवटची टक्केवारी असे रकाने असावेत. सामन्याला एकच ओळ ठेवणारा माणूस पुढे दोन्ही पिचरांची सरासरी काढून मोकळा होतो, आणि तेथेच हिशेब बिघडतो.

भारतात बसून हे करणाऱ्यांनी वेळेचा घोळ आधी निस्तरावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतो, म्हणजे तारीख पुढची असते. फलंदाजीचा अधिकृत क्रम सामन्याच्या तीन-चार तास आधी येतो. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एकदा आपल्या तारखेने पिचर शोधला आणि दुसऱ्या दिवशी खेळणार असलेल्या माणसावर तासभर हिशेब केला. चूक पहाटे पहिला चेंडू पडल्यावर कळली.

तपासणी: अमेरिकेची तारीख, मैदानाचे नाव आणि दोन्ही पिचरांची नावे एकाच ओळीत लिहून घ्यावीत. एका दिवशी त्याच दोन संघांचे दोन सामने असतील, तर कोणता पिचर कोणत्या सामन्यात आहे हे वेगळे नोंदवावे.

टप्पा १: लीगची सरासरी आधी लिहा

पहिली इनिंग इतर इनिंगांपेक्षा वेगळी असते, कारण फक्त याच इनिंगमध्ये कोण फलंदाजीला येणार हे व्यवस्थापकाने आधीच ठरवलेले असते. पहिले तीन फलंदाज येणारच, आणि ते संघातल्या चांगल्या फलंदाजांपैकी असतात. म्हणूनच पहिल्या इनिंगमध्ये सरासरी धावा जास्त निघतात, तर दुसरी इनिंग मधल्या-खालच्या फलंदाजांपासून सुरू होत असल्यामुळे ती बहुधा कोरडी जाते.

अलीकडच्या हंगामांत पहिल्या इनिंगच्या एका अर्ध्या भागात किमान एक धाव निघण्याची शक्यता साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. यजमान संघाची बाजू किंचित वरचढ असते. मी पाहुण्यांसाठी २८ आणि यजमानांसाठी २९ हे आकडे आधी लिहून ठेवतो आणि मगच नावांकडे पाहतो.

येथे एक चूक अभियंत्यांकडून आणि संख्याशास्त्र शिकलेल्यांकडून हटकून होते. एका संघाच्या पहिल्या इनिंगच्या धावांची सरासरी अर्ध्या धावेच्या थोडी वर आहे हे पाहून ते पॉयसाँचे सूत्र लावतात. ०.५ सरासरीला ते सूत्र सुमारे ३९ टक्के असे उत्तर देते, आणि प्रत्यक्ष आकडा त्याहून दहा टक्क्यांनी कमी असतो. कारण बेसबॉलमध्ये धावा झुंडीने येतात. बेस, म्हणजे धाव पुरी करण्याआधी फलंदाज जेथे थांबतो ते तीन टप्पे, भरलेले असताना लागलेला एक फटका तीन धावा देऊन जातो, आणि त्या तीन धावा सरासरी वाढवतात, पण ‘हो’ हे उत्तर एकदाच देतात.

इशारा: सरासरी धावांवरून शक्यता काढू नये. किती अर्ध्या इनिंगमध्ये किमान एक धाव निघाली, हेच मोजावे.

टप्पा २: पिचर कोण, हे पक्के करा आणि मगच तो कसा, हे पाहा

जाहीर झालेला पिचर आणि प्रत्यक्ष चेंडू टाकणारा पिचर एकच असेल असे गृहीत धरू नये. १९ मे २०१८ रोजी टॅम्पा बे रेज संघाने सर्जिओ रोमो या शेवटच्या इनिंगांत येणाऱ्या पिचरला एंजल्स संघाविरुद्ध थेट पहिल्या इनिंगला उतरवले, आणि त्याने पहिले तिन्ही फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर थेट बाद केले. तेव्हापासून ‘ओपनर’ ही पद्धत रूढ झाली. समोरच्या संघाचे सर्वांत चांगले फलंदाज एकत्र येतात त्या इनिंगपुरता ताज्या दमाचा विशेषज्ञ वापरायचा आणि नेहमीचा पिचर त्याच्यामागून आणायचा, अशी ती युक्ती आहे. ज्या दिवशी ओपनर असेल त्या दिवशी तुमचा हिशेब ओपनरचा असला पाहिजे. चार इनिंग टाकणाऱ्या माणसाचे आकडे त्या दिवशी पहिल्या इनिंगसाठी निरुपयोगी असतात. २०२० पासूनच्या नियमाने पिचरला किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावे लागते किंवा अर्धी इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका फलंदाजापुरता माणूस आणून लगेच बदलता येत नाही.

आता पिचर कसा आहे हे पाहायचे. येथे सगळ्यांची नजर ‘पहिल्या इनिंगमधील ईआरए’ (पिचरच्या खात्यावर दर नऊ इनिंगमागे पडणाऱ्या धावा) या आकड्यावर जाते, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त नुकसान याच आकड्याने केले आहे. समजा एका पिचरने दहा सामने सुरू केले आणि त्याचा पहिल्या इनिंगचा ईआरए ५.४० आहे. आकडा भयंकर दिसतो. पण ५.४० म्हणजे दहा इनिंगमध्ये सहा धावा, आणि त्या सहाच्या सहा धावा दोन वाईट दिवशी निघाल्या असतील, तर उरलेल्या आठ इनिंग कोऱ्या गेल्या आहेत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा पिचर सरासरीपेक्षा चांगला निघाला.

मग कोऱ्या इनिंगच मोजाव्यात का? मोजाव्यात, पण दहा सामन्यांच्या नोंदीवर विसंबू नये. एखाद्या पिचरची कोरी इनिंग टाकण्याची खरी शक्यता ७२ टक्के असली, तरी दहा सामन्यांत पाच किंवा त्याहून कमी कोऱ्या इनिंग येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, आणि नऊ किंवा दहा कोऱ्या इनिंग येण्याची सुमारे १८ टक्के. तीस संघांत प्रत्येकी पाच सुरुवातीचे पिचर धरले तर दीडशे जण होतात. हे दीडशे जण अगदी एकसारखे असते, तरी त्यांतले सतरा-अठरा जण निव्वळ योगायोगाने ‘पहिल्या इनिंगमध्ये ढेपाळणारे’ ठरले असते आणि सत्तावीस जण ‘अभेद्य’.

म्हणून पिचरच्या नोंदीत सरासरीचे पाणी घालावे लागते. मी पन्नास काल्पनिक सामने ७२ टक्क्यांनी जमेस धरतो. दहापैकी पाच कोऱ्या असतील, तर ५ आणि ३६ मिळून ४१, भागिले ६०, म्हणजे सुमारे ६८ टक्के. पन्नास टक्क्यांवरून आकडा ६८ वर आला, आणि हाच त्या नोंदीचा खरा वकूब आहे. या आकड्याचा उपयोग फक्त नोंदीची भीती घालवण्यापुरता. पुढच्या हिशेबात तो घालायचा नाही.

त्यापेक्षा लवकर स्थिर होणारे आकडे घ्यावेत. पिचरने सामोऱ्या आलेल्या फलंदाजांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट केले आणि किती टक्क्यांना वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिला, यांतला फरक सर्वांत उपयोगी पडतो. लीगची सरासरी साधारण २२ टक्के स्ट्राइकआउट आणि ८ टक्के वॉक अशी असते, म्हणजे फरक १४. वीसच्या वर फरक असलेला पिचर उत्तम, दहाच्या खाली असलेला कच्चा. त्यानंतर समोरचे फलंदाज त्याच्याविरुद्ध किती वेळा बेसवर पोचतात ते प्रमाण लिहावे. लीगची सरासरी ०.३१५ च्या आसपास असते. एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, मागच्या वर्षाचे आकडे मिसळल्याशिवाय काहीही लिहू नये.

होमरन, म्हणजे चेंडू कुंपणापार जाऊन फलंदाजाला थेट धाव देणारे फटके, वेगळे लिहावेत. वॉक दिला तर धाव होण्यासाठी मागून आणखी काहीतरी घडावे लागते, तर होमरन एका चेंडूत ‘हो’ देऊन मोकळा होतो. फार कमी वॉक देणारा, पण उंच फटके खाणारा पिचर पूर्ण सामन्यासाठी चांगला असू शकतो आणि आपल्या प्रश्नासाठी सामान्य.

टप्पा ३: पहिले चार फलंदाज, संपूर्ण संघ नव्हे

संघाच्या एकूण धावांची सरासरी येथे फारशी कामाची नाही. सातव्या क्रमांकाचा फलंदाज कसा खेळतो याचा पहिल्या इनिंगशी क्वचितच संबंध येतो. पहिले तीन निश्चित येतात, आणि चौथा दहापैकी साधारण सहा-सात वेळा येतो. त्यामुळे चौथ्याला हिशेबात घ्यावे, पाचव्याला सोडून द्यावे.

क्रम अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत हा टप्पा पुरा करू नये. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल, तर नेहमीच्या पहिल्या-दुसऱ्या फलंदाजाला बऱ्याचदा विश्रांती दिली जाते, आणि रात्री जेवणानंतर घाईने केलेला अंदाज तेथेच निकालात निघतो.

फलंदाजाचे बेसवर पोचण्याचे प्रमाण त्या दिवशीचा पिचर डावखुरा आहे की उजवा, त्यानुसार पाहावे. सर्वसाधारणपणे उलट्या हाताच्या पिचरसमोर फलंदाजाला चेंडू चांगला दिसतो, परंतु एका हंगामातल्या अशा विभागणीत चेंडूंची संख्या लहान असते, म्हणून तीही सरासरीकडे ओढून घ्यावी.

आता पिचर आणि फलंदाज यांचा मेळ घालायचा. त्यासाठी सोपे सूत्र आहे: पहिल्या चौघांचे सरासरी प्रमाण गुणिले पिचरविरुद्धचे प्रमाण, भागिले लीगची सरासरी. चौघांचे ०.३४५ असेल, पिचरचे ०.२९० आणि लीगचे ०.३१५, तर उत्तर सुमारे ०.३१८ येते.

हा ०.३१८ कशाशी ताडायचा, येथे चांगले चांगले लोक घसरतात. ते तो लीगच्या ०.३१५ शी ताडतात आणि ‘सरासरीपेक्षा थोडी जास्त शक्यता’ असे लिहून टाकतात. पण टप्पा १ मधले २८ टक्के हे मुळातच चांगल्या फलंदाजांच्या इनिंगचे आकडे आहेत. सर्व संघांच्या पहिल्या चौघांचे प्रमाण मी ०.३३० धरतो, आणि ०.३१८ त्याच्या खाली आहे. म्हणजे शक्यता वाढण्याऐवजी कमी झाली. जी गोष्ट पायाभूत आकड्यात आधीच आहे ती पुन्हा मोजली, की अंदाज प्रत्येक वेळी ‘हो’कडे झुकतो.

०.३३० पासून दर ०.०१० च्या फरकाला मी सव्वा ते दीड टक्का वाढवतो किंवा घटवतो. हा माझा ठोकताळा आहे; तुमच्या नोंदी वर्षभराच्या झाल्या की तो स्वतः तपासून बदलावा.

इशारा: एका फलंदाजाच्या नावाने भारून जाऊ नये. फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या काइल श्वार्बरने २०२४ मध्ये सामन्यातील आपल्या संघाचा पहिलाच फलंदाज म्हणून १५ होमरन मारले, आणि तो लीगचा विक्रम आहे. विक्रमी वर्षातसुद्धा हे प्रमाण दर दहा सामन्यांत एक एवढेच पडते.

टप्पा ४: मैदान आणि हवा

हा टप्पा तिसऱ्याच्या आधी केला तर डोक्यात ‘आज धावांचा पाऊस’ असे चित्र तयार होते आणि पुढचे सगळे आकडे त्याला जुळवून घेतले जातात. म्हणून तो येथेच करावा.

डेन्व्हरचे कूर्स फील्ड हा खरा अपवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर हवा विरळ असते, चेंडू दूर जातो, वळणारे चेंडू कमी वळतात, आणि मैदान मोठे असल्यामुळे साध्या फटक्यांनाही जागा सापडते. तेथे २००२ पासून चेंडू आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवतात, तरीही मैदान धावांचेच राहिले आहे. तेथे प्रत्येक अर्ध्या इनिंगला मी चार-पाच टक्के वाढवतो. याउलट सिअ‍ॅटलचे मैदान पिचरांना साथ देते. बाकीच्या बहुतेक मैदानांसाठी एक-दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

शिकागोच्या रिग्ली फील्डवर वारा आत येतो आहे की बाहेर जातो आहे याने सामन्याचा नूर बदलतो, म्हणून तेथे वाऱ्याची दिशा शेवटच्या तासाभरात पाहावी. उबदार हवेत चेंडू अधिक लांब जातो, थंडीत कमी. टोरंटो, ह्यूस्टन, मिलवॉकी, फिनिक्स येथील मैदानांना सरकते छप्पर आहे. छप्पर बंद असेल तर हवामानाचा रकाना कोरा सोडावा. पंचाच्या स्ट्राइक झोनचा (चेंडू ज्या चौकटीतून गेला तर वैध ठरतो तिचा) परिणाम एका इनिंगपुरता इतका लहान असतो की मी तो रकाना दोन वर्षांपूर्वी काढून टाकला.

टप्पा ५: दोन अर्ध्या इनिंग जोडणे

एक उदाहरण पूर्ण करू. पाहुण्यांच्या फलंदाजीसाठी मेळ ०.३१८ आला होता, म्हणून २८ मधून दीड वजा, २६.५. यजमान पिचर होमरन कमी देतो, आणखी एक वजा. थंड संध्याकाळ, आणखी एक वजा. झाले २४.५. यजमानांच्या पहिल्या चौघांचे प्रमाण ०.३३५ आणि समोरच्या पिचरचे ०.३२५, म्हणजे मेळ सुमारे ०.३४६, २९ मध्ये दोन अधिक. तो पिचर होमरन जास्त देतो, एक अधिक. तीच थंडी, एक वजा. झाले ३१.

आता २४.५ आणि ३१ यांची बेरीज करून ५५.५ टक्के असे लिहायचे नाही. दोन्ही संघांनी धावा केल्या ते सामने या बेरजेत दोनदा मोजले जातात. योग्य रीत अशी: कोऱ्या इनिंगच्या शक्यता घ्याव्यात, ०.७५५ आणि ०.६९०, आणि त्यांचा गुणाकार करावा. उत्तर ०.५२१. म्हणजे धाव न निघण्याची शक्यता ५२ टक्के आणि निघण्याची ४८.

काहीही न पाहता केवळ २८ आणि २९ घेतले असते, तर ०.७२ गुणिले ०.७१, म्हणजे ५१ टक्के आले असते. एवढा खटाटोप करून आकडा एका टक्क्याने हलला. यात काही बिघडलेले नाही. एक चांगला पिचर आणि एक साधारण पिचर एकमेकांना खोडून काढतात, आणि बहुतेक सामने असेच असतात. दोन्ही बाजूंना उत्तम पिचर असलेल्या सामन्यात ‘नाही’चा आकडा साठच्या आसपास जातो, आणि कूर्स फील्डवर दोन कच्चे पिचर असतील तेव्हा चाळिशीकडे उतरतो.

तपासणी: तुमचा ‘नाही’चा आकडा ४० च्या खाली किंवा ६२ च्या वर गेला, तर तो सामना विलक्षण आहे असे मानण्याआधी एखादी गोष्ट दोनदा मोजली गेली आहे का ते शोधावे. मला बहुतेक वेळा ती सापडते.

टप्पा ६: पहिला चेंडू पडण्याआधी शेवटची नजर

अर्ध्या तासात तीनच गोष्टी पाहाव्यात: पिचर तोच आहे का, पहिले चार तेच आहेत का, छप्पर आणि वारा तसाच आहे का. पिचर बदलला असेल तर आकड्यात डागडुजी न करता त्या अर्ध्या इनिंगचा हिशेब टप्पा २ पासून पुन्हा करावा. ‘या संघाने सलग सहा सामन्यांत पहिल्या इनिंगमध्ये धावा केल्या’ अशी वाक्ये याच वेळी कानावर पडतात. त्या सहा सामन्यांत सहा वेगळे पिचर होते, आणि आजचा सातवा आहे.

टप्पा ७: नोंद आणि गुणांकन

सामना सुरू होण्याआधीच टक्केवारी लिहून टाकावी. नंतर लिहिलेला अंदाज नेहमी थोडा शहाणा निघतो. सामना संपल्यावर धाव निघाली तर १, नाही तर ०, असे लिहावे आणि तुमच्या शक्यतेशी असलेल्या फरकाचा वर्ग करावा. ४८ टक्के म्हटले आणि धाव निघाली, तर ०.५२ चा वर्ग, सुमारे ०.२७. या वर्गांची सरासरी जितकी कमी तितके चांगले. दर सामन्याला डोळे झाकून ५० टक्के म्हणणाऱ्याची सरासरी नेमकी ०.२५ येते, त्यामुळे तुमचा आकडा त्याहून वर राहत असेल तर तुम्ही सरासरीपासून गरजेपेक्षा जास्त दूर जात आहात. अशा वेळी टप्पा ३ मधला सव्वा ते दीड टक्क्याचा ठोकताळा कमी करून पाहावा.

चाळीस-पन्नास सामन्यांनंतर निष्कर्ष काढायची घाई करू नये. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे लीगचे मिळून २४३० सामने होतात. त्यांतल्या चारशेच्या आसपास नोंदी झाल्या, की ४५ ते ५०, ५० ते ५५ असे गट पाडावेत आणि प्रत्येक गटात प्रत्यक्षात किती टक्के वेळा धाव निघाली ते शेजारी लिहावे. माझ्या पहिल्या वर्षी ५५ च्या वरच्या गटात प्रत्यक्ष आकडा ५० निघाला होता. शोध घेतला तेव्हा कळले की मी मैदानाचा परिणाम फलंदाजांच्या आकड्यांतूनही घेत होतो आणि वेगळाही वाढवत होतो.